मधली पट्टी

"कापायची न्हाई," आबा म्हणाले.

लियाकतभाईंनी कटरचं बटण दाबलं होतं, ते सोडलं. पातं फिरत फिरत थांबलं. आबा, म्हणजे माझे सासरे, अंघोळ करून, नवा पांढरा सदरा घालून, गाडीच्या मागच्या काचेवर तळहात टेकवून उभे होते. थोड्या वेळापूर्वी मी ओवाळताना लावलेलं कुंकू कपाळावर तसंच होतं. त्या दिवशी त्यांची एकसष्टी होती.

"आबा, फायबरच आहे," माझा नवरा विश्वजित म्हणाला. "दोन बोटं कापायचं आणि जोडायचं. लियाकतभाई ट्रकच्या अख्ख्या केबिनी करतात. त्यांना काय अवघड आहे?"

"अवघड न्हाई म्हणूनच सांगतोय. कापायची न्हाई."

विश्वजितने माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांच्या संसारात ती नजर मला पाठ झाली होती. बघितलंस ना, असं ती म्हणायची.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. आमचा ओतकामाचा कारखाना कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि घर टाकाळ्यावर. घराच्या पोर्चमध्ये ती गाडी असायची. त्रेसष्ट सालची अमेरिकन कॉर्व्हेट, दोन माणसांची, लांब नाकाची, स्टिअरिंग डावीकडे. मुंबईहून मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी साहेबाकडून आबांनी ती एकोणसत्तर साली घेतली होती. तिचे पुढचे दिवे झाकलेले असत आणि बटण दाबलं की फिरून बाहेर येत. त्यातला एक आळशी होता, त्यामुळे संध्याकाळी गाडी साऱ्या गल्लीला डोळा मारत निघायची. माझं माहेर निपाणीचं, तंबाखूच्या वखारवाल्यांचं. तिकडे जीप म्हणजे चैनीची हद्द. लग्न ठरलं तेव्हा माझे वडील म्हणाले होते, "घर चांगलं आहे, पण चारचौघांच्या घरात दोन माणसांची गाडी घेणारा माणूस जरा तऱ्हेवाईक असणार."

होतेच ते तसे. पाहुणा आला की चहाआधी गाडीपुराण लागायचं.

"त्रेपन्न साली पयल्यांदा काढली. पयल्या वर्षी तीनशेच गाड्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या हातानं बांधलेल्या. पत्रा न्हाई, फायबर. हे लोहचुंबक घ्या, लावून बघा चिकटतंय काय."

पाहुण्याला लोहचुंबक लावून बघावंच लागे. ते दिवाणखान्यात त्यासाठीच ठेवलेलं होतं. सुरुवातीचं इंजिन कसं मवाळ होतं, कंपनी गाडी बंदच करायच्या बेतात कशी होती, मग आठ सिलिंडरचं इंजिन आलं आणि पोरगी कशी बाळसं धरू लागली, हे सगळं आबा घरातल्याच कुणाबद्दल बोलावं तसं सांगत. शेवटी गाडी त्रेसष्ट सालावर यायची.

"ह्या सालच्या गाडीला मागची काच दोन तुकड्यांत. मधनं एक पट्टी, छतापासनं शेपटीपतोर, माशाच्या काट्यागत. चित्र काढणारा म्हणाला, पट्टी पायजेच, तिच्याबिगर गाडीला रूप न्हाई. इंजिनवाला म्हणाला, पट्टीनं डायवरला मागचं दिसत न्हाई, काढा. लई भांडले. पयल्या वर्षी चित्रवाला जिंकला, दुसऱ्या वर्षी इंजिनवाला. म्हणून पट्टी एकाच सालाची. चित्रवाल्याचंच खरं हुतं, माझं इचाराल तर."

"पण तुमच्या गाडीला कुठाय पट्टी?" पाहुणा विचारायचाच. आमच्या गाडीला मागे एकच अखंड काच होती, तीही प्लास्टिकची, चरे पडून पिवळी झालेली.

"मुंबईत कुणा अडाण्यानं कापली."

त्यावर स्वयंपाकघरातून माझ्या सासूबाईंचा, आक्कांचा आवाज यायचा. "असंल अडाणी. पण मनानं बरा असंल."

पाहुणे हसायचे. मीही हसायचे. नवरा-बायकोचं हे ठरलेलं आहे आणि दोघांनाही त्याचा कंटाळा येत नाही, एवढंच मला तेव्हा कळत होतं.

पुराण आबांचं असलं तरी गाडी चालवायच्या आक्का. डोक्यावरचा पदर ढळू न देता त्या कॉर्व्हेट घेऊन लक्ष्मीपुरीत भाजीला जायच्या. विश्वजित लहान असताना त्याला शाळेत सोडायच्या. गगनबावड्याचा घाट त्यांनी कितीदा उतरला होता. एकच खोड होती. घरातून गाडी मागे घेताना फाटकापाशी ती एकदा बंद पाडायच्याच. क्लचवरचा पाय फटकन उचलायच्या, गाडी हिसका खाऊन थांबायची, मग शांतपणे पुन्हा किल्ली फिरवायच्या. वीस-बावीस वर्षं हेच. विश्वजित चिडवायचा, "आक्काची गाडी फाटकाच्या पाया पडल्याशिवाय घर सोडत नाही." आक्का नुसत्या हसायच्या.

आदल्या दिवाळीत त्या गेल्या. तेव्हापासून कुणी गाडी बाहेर काढली नव्हती. वर्ष झालं नव्हतं म्हणून एकसष्टीचा समारंभ करायचा नाही असं ठरलं. पण विश्वजितच्या मनात दुसरंच काही शिजत होतं. कारखान्याच्या कामासाठी तो उन्हाळ्यात अमेरिकेला गेला होता. तिथे जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या कुणाकडे त्याने त्रेसष्टच्या काचेचे दोन्ही तुकडे मिळवले, आणि एका मोडीत काढलेल्या गाडीची मधली पट्टीही. माझ्या हातच्या दोन स्वेटरांत गुंडाळून, विमानात मांडीवर घेऊन त्याने त्या काचा आणल्या.

"आबा आणि मी बोलतो काय?" तो मला म्हणाला होता. "वाळू, लोखंड, भट्टी. बारावीत पहिला वर्ग मिळाला तेव्हा म्हणाले, बरं झालं. नवीन भट्टी बसवली तेव्हा म्हणाले, बघू किती टिकती. एकदा तरी मला बघायचंय, माझ्यामुळे हा माणूस खूष झालाय."

त्यात त्याचाही थोडा स्वार्थ होता. लहानपणी त्याची जागा सीटच्या मागे, काचेखाली. तिथे उताणं पडून जायचं. "मला आठवतं, आभाळाचे दोन तुकडे दिसायचे," तो सांगायचा. आबा म्हणायचे, "चित्रात बघितलं असशील. आपल्याकडं आली तवाच कापलेली हुती." तरी त्याच्या डोक्यातून ते जात नव्हतं. आक्का गेल्यावर तर तो ते जास्तच बोलायला लागला.

म्हणून त्या सकाळी मीही अधीर झाले होते. लियाकतभाईंनी काचेवर बाहेरून काळ्या पुठ्ठ्याची पट्टी चिकटवून मापं घेतली होती. गाडी एकदम वेगळी दिसायला लागली होती, ऐटदार. आणि आबा हात ठेवून उभे राहिले.

"आबा, तुम्हीच सांगायचा ना, पट्टीशिवाय रूप नाही म्हणून?" मी म्हणाले.

"सांगायचो."

"मग आता आयती मिळतेय की. आणि तुमच्या वाढदिवसाची भेट आहे. त्यांनी किती धडपड केली आहे."

"दिसतंय मला. बरं केलं त्यानं." ते माझ्याशी बोलत होते, त्याच्याशी नाही. "काचा माळ्यावर ठिवा. गाडी हाय तशी ऱ्हाऊ दे."

"आबा, कारण तरी सांगा," विश्वजित म्हणाला.

"कारण काय आसतंय सगळ्याला?"

विश्वजितचा चेहरा पडला. सत्तावीस वर्षांचा माणूस, शंभर माणसं हाताखाली, पण त्या क्षणी तो प्रगतिपुस्तक घेऊन उभा असल्यासारखा दिसला. मला आबांचा राग आला. सरळ सांगते, त्या वेळी मला वाटलं की हा म्हातारा मुलाकडून काही घ्यायलाच तयार नाही.

"मी आणली म्हणून नको आहे," विश्वजित म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "दुसऱ्या कुणी आणली असती तर गल्लीभर दाखवली असतीत. आक्का असती तर तिनं लावू दिली असती."

आबांनी काचेवरचा हात काढला. मग ते लियाकतभाईंकडे वळले.

"लियाकत, जा, कोपऱ्यावर च्या पिऊन ये."

"चहा मी इथंच करते की," मी म्हणाले.

"त्याला टपरीचाच लागतोय."

लियाकतभाई शहाणा माणूस. हात पुसत निघून गेले.

"बस स्टिअरिंगवर," आबा विश्वजितला म्हणाले. "पुठ्ठा काढू नको. उर्मिला, तू त्याच्या शेजारी बस."

आम्ही बसलो. आबा गाडीच्या मागून चालत फाटकाकडे गेले. पोर्चपासून फाटकापर्यंत आमची वाट चांगली लांब आहे.

"आरशात बघ," ते तिकडून म्हणाले. "मी दिसतोय काय?"

"दिसताय. डोकं आणि एक खांदा."

"आता?"

मी मान वळवून मागे पाहिलं. फाटक दिसत होतं, डावीकडचा पारिजातक दिसत होता, उजवीकडची भिंत दिसत होती. मधे काळी पट्टी. आबा कुठेच नव्हते.

"आबा, कुठं गेलात?" विश्वजितने विचारलं.

"हितंच हाय. तुला दिसतोय काय सांग."

"नाही."

"उर्मिला, तुला?"

"नाही हो, आबा."

"बरं. आता पुठ्ठा काढ, बाळ."

मी उतरले, मागे जाऊन पुठ्ठा सोलून काढला. मग वळून पाहिलं. आबा फाटकाच्या आत, वाटेच्या मधोमध जमिनीवर बसले होते. नवा सदरा मातीत, गुडघे पोटाशी, दोन्ही हात पुढे जमिनीवर, लहान मूल खेळायला बसतं तसे. आरशात बघत असलेला विश्वजित दार उघडून हळूहळू त्यांच्याकडे चालत गेला. मी मागे गेले.

"उठा आबा, सदरा खराब होतोय," तो म्हणाला.

"हितं काळ्या वाळूचा ढीग असायचा," आबा म्हणाले. ते उठले नाहीत. "कारखान्यातली साच्याची वाळू. तुझ्यासाठीच आणून टाकली हुती. चार वर्साचा हुतास. वाटीनं साचे पाडायचास, भट्टी करायचास. अंगभर काळा. वाळू कुठली आन पोरगं कुठलं, कळायचं न्हाई."

विश्वजित त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"तुझ्या आईला मी गाडी शिकवत हुतो. ती तिकडं, मी शेजारी. जिथं आत्ता उर्मिला बसली हुती. मागं घ्यायची हुती. ती म्हणाली, मला नीट दिसत न्हाई. मी मान वळवून बघितलं. नीट बघितलं, विश्वा. आन म्हणालो, चल, मागं कोण न्हाई."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. आबा ती जाईपर्यंत थांबले.

"हितपतोर आली गाडी आन बंद पडली. तिनं क्लच सोडला फटकन. शिकाऊ माणूस, पाय सुटला. मी लागलो तिला बोलायला. शंभरदा सांगितलं क्लच सावकाश सोड म्हणून, तुझ्या डोक्यात काय शिरत न्हाई म्हणून. मी वरडतोय, आन खिडकीत काळी बोटं आली. तू टाचा उचलून बघत हुतास. म्हणालास, आक्का, माझी वाटी मोडली."

"मला काही आठवत नाही," विश्वजित म्हणाला.

"न्हाईच आठवणार. मी उतरून बघितलं. चाक वाटीवर हुतं. वाटी पापडागत. माझं सगळं बरोबर हुतं आन तिची चूक झाली. तिच्या चुकीनं तू ऱ्हायलास."

मी फाटकाच्या दगडावर बसले.

"ती तुला सांजपतोर खाली ठिवंना. तुला वाळूत खेळायचं हुतं, तू रडत हुतास, पण सोडंना. दुसऱ्या दिवशी म्हणाली, गाडी ठिवा न्हाईतर इका, मी परत हात लावणार न्हाई. तिला लई हौस हुती रं गाडीची. माझ्यापेक्षा जास्त. मग मी हॅक्सॉ घेतला. जगात एकाच सालाची पट्टी, ती मी ह्या हातानं कापली. कारखान्यात सागवानी साचा केला, त्यावर प्लास्टिक तापवून वाकवलं आन काच बसवली. चार दिसांनी तिला गाडीत बसवलं आन म्हणालो, बघ आता. सगळं दिसतंय."

"आणि सगळ्यांना सांगितलंत, मुंबईच्या अडाण्यानं कापली."

"तिनं शपत घातली हुती. पोराला कळायचं न्हाई म्हणाली. आपल्या आईच्या हातनं जाणार हुतो, असं त्याच्या मनात ऱ्हायला नगं. त्याला गाडीत बसताना भ्या वाटाया नगं." आबांनी सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं. "तिच्या हातनं न्हाई, माझ्या तोंडनं जाणार हुतास. ते तिला कधी पटलं न्हाई."

"मग आज का सांगितलंत?"

"तू म्हणालास, आक्का असती तर तिनं लावू दिली असती. एवढं खोटं तिच्या नावावर ठिवायला मला झेपंना."

विश्वजित खाली बघत मातीत बोट फिरवत होता. मग त्याने विचारलं, "आणि ते फाटकापाशी गाडी बंद पाडणं?"

"घाटात कधी बंद पडली व्हय तिची गाडी?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही डोळ्यांतून आलं. बावीस वर्षं आम्ही, म्हणजे घर सगळं, त्या हिसक्याला हसलो होतो, आणि त्या बाईनेही आमच्याबरोबर हसून घेतलं होतं.

"मला दुसरी वाटी दिली का मग?" विश्वजितने जरा वेळाने विचारलं.

"तुझ्या उष्टावणाची चांदीची दिली. माझी आई वरडली, चांदी वाळूत घालतीस काय म्हणून. ही म्हणाली, पोरगं हाय, चांदी कितीबी मिळंल."

विश्वजितने आबांना हात धरून उठवलं. उठल्यावरही हात सोडला नाही, आबांनीही सोडवून घेतला नाही. दोघे तसेच चालत पोर्चमध्ये आले. मी मागून आबांच्या सदऱ्याची माती झटकत होते. आबांनी स्वेटर उलगडून काचेचा एक तुकडा मांडीवर घेतला आणि बराच वेळ त्यावरून तळहात फिरवला.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "एक चरा न्हाई. एवढ्या लांबनं मांडीवर आणलीस?"

"हो."

"चित्रवाला चुकला नव्हता. रूप हुतंच." मग त्यांनी विश्वजितच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्यासाठी कुणी येवढं केलं न्हाई आजपतोर. माळ्यावर ठिवू. सांभाळून ठिव."

माझे दोन्ही स्वेटर त्या काचांबरोबर माळ्यावर गेले ते आजतागायत तिथेच आहेत.

लियाकतभाई परतले, तेव्हा आम्ही तिघेही डोळे पुसलेले, पण काही झालंच नाही असे उभे. त्यांनी कटर उचललं, आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"ऱ्हाऊ दे म्हणताय?"

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले.

"बरं." पिशवीत सामान भरता भरता त्यांनी विचारलं, "पर सायेब, पयल्यांदा ही कापली तरी कुणी हो?"

आबांनी विश्वजितकडे बघितलं.

"मुंबईत कुणा अडाण्यानं," विश्वजित म्हणाला.

स्वयंपाकघरातून आवाज येणार नव्हता. ती पोकळी मला सहन झाली नाही. "असंल अडाणी," मी म्हणाले, "पण मनानं बरा असंल."

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"मला नाही यायची, आबा. मी मारुती चालवते. ही उलट्या बाजूची."

"तिलाबी येत नव्हती. बस."

मी पदर खोचून डावीकडे बसले. आबा शेजारी बसले. विश्वजित सीट पुढे करून मागे शिरला आणि सत्तावीस वर्षांचे लांब पाय कसेबसे दुमडून काचेखाली उताणा पडला. आरशात मला त्याचं कपाळ दिसत होतं आणि त्याच्या पलीकडे वाट, पारिजातक आणि उघडं फाटक.

"काय दिसतंय रं?" आबांनी विचारलं.

"आभाळ," तो म्हणाला. "एकच आहे."

इंजिन दोनदा खोकून सुरू झालं. मी गाडी हळूहळू मागे घेतली. मला मागचं सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं, कुणीही नव्हतं, वाट मोकळी होती. फाटकापाशी, जिथे आबा मघाशी मातीत बसले होते तिथे आले आणि क्लचवरचा पाय मी मुद्दाम फटकन उचलला. गाडी हिसका खाऊन बंद पडली.

कुणी हसलं नाही. मग मी पुन्हा किल्ली फिरवली.